दोघांत एक बोर्ड

मुंबईत वाढलेल्या इशिता मालवीयला समुद्र लहानपणापासून दिसत होता. पण त्याच्या लाटेवर उभं राहता येतं हे तिला कळलं ते मुंबई सोडल्यावर. २००७ साली ती मणिपालला पत्रकारिता शिकत होती. तिथे आलेल्या एका जर्मन विद्यार्थ्याकडे सर्फबोर्ड होता. त्याचा माग काढत इशिता आणि तिचा मित्र तुषार पाथियन मंगळुरूजवळच्या मुल्कीला पोचले. जॅक हेबनर या अमेरिकन कृष्णभक्ताच्या आश्रमात भजनाबरोबर सर्फिंगही चालायचं. दोघं शिकले. बोर्ड मात्र आवाक्याबाहेरचा. पैसे जमवून कसाबसा एक जुना बोर्ड मिळवला आणि बराच काळ दोघांत तेवढाच होता. एक लाटेवर, दुसरा आपल्या पाळीची वाट बघत किनाऱ्यावर.

भारतातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून आज तिचं नाव घेतात. तिच्याकडे जगज्जेतेपदाचे करंडक नाहीत, आणि त्यात काही कमीपणाही नाही. ती पाण्यात उतरली तेव्हा देशात सर्फिंगचा महासंघसुद्धा नव्हता, तो २०११चा. तिचं मोठं काम उडुपी जिल्ह्यातल्या कोडी बेंगरे इथे आहे. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीवर मच्छीमारांची वस्ती. तिथे दोघांनी ‘शाका सर्फ क्लब’ उभा केला. वस्तीतल्या अनेकांचं पोट समुद्रावर, तरी पोहता न येणारे कितीतरी. मुलांच्या मनातली पाण्याची धास्ती आधी घालवावी लागली. मुलींच्या बाबतीत आणखी एक अडसर: उन्हात काळी पडशील. हे इशितालाही ऐकावं लागलं आणि मुलाखतींमधून ती त्याबद्दल स्पष्ट बोलली आहे.

गोंदियाच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. विदर्भ एक्सप्रेसने मुंबई गाठेपर्यंत इथून समुद्र दिसत नाही हे खरं. पण मामा तलाव आणि बोड्यांच्या या मुलखात पाण्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न जुनाच आहे. ढिवर समाजात जाळं पुरुषांच्या हाती आणि बाजारातली टोपली बाईच्या डोक्यावर. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या ढिवर बायकांनी तलावात उतरून बेशरमाची झुडपं उपटली, माशांना लागणाऱ्या देशी पाणवनस्पती लावल्या. त्यांचं हे काम कुठल्याही पदकाइतकंच मोलाचं आहे.

सर्फिंगच्या जागतिक दौऱ्यावरचं बायकांचं चित्र फार वेगळं होतं असंही नाही. संधिवाताने गांजलेली ऑस्ट्रेलियाची पॉलीन मेन्झर १९९३ साली जगज्जेती झाली आणि तिला बक्षिसाची रक्कम मिळालीच नाही. तिच्याच देशाच्या लेन बीचलीने १९९८ ते २००३ सलग सहा आणि २००६ साली सातवं विजेतेपद मिळवलं. स्टेफनी गिल्मोरने २०२२ साली आठवं जिंकून तो विक्रम मोडला. खेळ एवढा उंचावला, तरी पैसा मागेच. जून २०१८मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बॅलिटोच्या कनिष्ठ गटाच्या स्पर्धेतला एक फोटो जगभर फिरला. विजेता मुलगा रिओ वाइडा याच्या हातात ८००० रँडचा धनादेश, शेजारी विजेती झोई स्टाइन, तिच्या हातात ४०००चा. दोन आकडे शेजारी शेजारी दिसल्यावर सारवासारव कशी पटणार? त्याच वर्षी सप्टेंबरात जागतिक सर्फ लीगने २०१९पासून समान बक्षिसं जाहीर केली.

२०१८मध्येच दुसरा वाद पेटला होता, आणि तो या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका. ब्राझीलची माया गाबेरा २०१३ साली पोर्तुगालच्या नाझारे इथे महाकाय लाटेवरून पडली, बेशुद्ध झाली. सहकारी कार्लोस बुर्लेने तिला किनाऱ्यावर ओढून आणलं, तिथे तिच्या छातीवर दाब देऊन श्वास परत आणावा लागला. त्यानंतर लेअर्ड हॅमिल्टनसारख्या नामवंताने तिच्यात अशा लाटांवर उतरण्याइतकं कौशल्य नाही, असं जाहीरपणे म्हटलं. पाठीवर शस्त्रक्रिया सोसून ती पुन्हा नाझारेलाच गेली. १८ जानेवारी २०१८ रोजी तिने जी लाट सर केली, ती पुढे ६८ फुटांची ठरली. पण महिने उलटले तरी विक्रमाची नोंद होईना. लाट पुन्हा येणार नव्हती, पुरावा चित्रफितीत होता, तरी बाईने दाद मागितल्याशिवाय कागद हलला नाही. तिने लोकांच्या सह्या गोळा केल्या. ऑक्टोबरात गिनेसचं प्रमाणपत्र हाती आलं.

११ फेब्रुवारी २०२०. पुन्हा नाझारे. या वेळची लाट मोजली गेली ७३.५ फूट. त्या मोसमात पुरुष गटात अव्वल ठरलेल्या काय लेनीची लाट सुमारे ७० फुटांची होती.