तारेचा भार आणि फळीचा उभार

जुना ग्रँड पियानो नव्याने उभा करावयाचा म्हणजे त्यास पॉलिश चढवावयाचे आणि गंजलेल्या तारा बदलावयाच्या, एवढीच सर्वसाधारण समजूत असते. परंतु बॉस्टनच्या परिसरातील एका कार्यशाळेत जो सुमारे सहा फुटी पियानो मी उघडलेला पाहिला, त्यावरील कामाचा फार मोठा भाग रंधा वा पटाशी हाती घेण्यापूर्वीच, केवळ मोजदादीत खर्ची पडत होता.

तारेचे एक टोक खुंटीस गुंडाळलेले आणि दुसरे बिडाच्या चौकटीवर अडकवलेले असते. वाटेत ती मेपलच्या घोडीवरून जाते आणि ही घोडी स्प्रूस लाकडाच्या जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर जाडीच्या फळीस चिकटवलेली असते. फळीच्या पोटाखाली आडव्या पट्ट्या असून तिला वरच्या अंगास किंचित फुगवटा दिलेला असतो. तार घोडीवरून अगदी सरळ गेली तर फळीवर दाब म्हणून पडणारच नाही. ती घोडीवर अंशभर वाकावी, अशीच योजना मुळात केलेली असते. तारेचा ताण ७५ किलो धरला, तर १ अंशाच्या वाकण्याने घोडीवर सव्वा किलोहून थोडा अधिक भार येतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो खरा, परंतु तारा सव्वादोनशेच्या घरात असतात, आणि तेव्हा त्या पातळ फळीने पाठीवर घ्यावयाचे ओझे ३०० किलोंच्या आसपास जाते. तारांचा एकूण ताण, जो सोळा-सतरा टन भरतो, तो मात्र चौकटीच्या माथी असतो. याच बॉस्टनमध्ये अल्फियस बॅबकॉकने १८२५ साली अखंड ओतीव चौकटीचे पेटंट घेतले आणि जोनास चिकरिंगने १८४३ साली ग्रँड पियानोस तीच तजवीज लागू केली.

तारा उतरवण्यापूर्वी कारागिराने त्यांच्या वाकण्याची नोंद करून ठेवली होती. तारा निघताच भारमुक्त झालेली फळी वर येते. मग त्याने पुढच्या टेकणापासून एक बारीक दोरा ताणून घोडीच्या माथ्यावरून मागे नेला. दोरा सरळ रेषेत मागच्या टेकणापर्यंत पोहोचतो, परंतु त्यावर टेकत नाही. त्या दोहोंमधल्या फटीत फीलर गेजच्या पात्या एकामागून एक सरकवून तो आकडे मांडीत होता. घोडीपासून मागचे टेकण १०० मिलिमीटरवर असेल, तर पावणेदोन मिलिमीटरची फट म्हणजे १ अंश. त्यानंतर त्याने चौकटीच्या दांड्या आणि घोडी यांच्या दरम्यान लाकडी पाचरी ठोकल्या आणि फळी भाराखाली किती दबते, याचा अदमास घेतला. “आधी ही किती सोसते ते पाहू, कोन मग ठरवू,” एवढेच तो म्हणाला.

दाब कमी पडला तर तारेची शक्ती फळीत नीट उतरत नाही, स्वर विसविशीत होतो आणि घोडीवर तार थरथरू लागते. अधिक झाला तर फुगवटा चेपतो आणि स्वर जन्मताच गुदमरतो. आपल्या तंबोऱ्याची तार रुंद घोडीवर हलकेच घासावी आणि त्यातून जवारी उमलावी, म्हणून कारागीर जिवाचे रान करतो. येथे तेच घासणे दोष ठरते, म्हणून घोडीवर तिरप्या पिना ठोकून तारेस आडव्या अंगानेही जखडलेले असते.

अशा कामात ‘मुळाबरहुकूम’ या शब्दाचा फार दरारा असतो, आणि माझ्या मते तो अनाठायी आहे. हिवाळ्यातील तापवलेली कोरडी हवा आणि उन्हाळ्यातील दमट हवा यांच्या वर्षानुवर्षांच्या फेऱ्यांत ज्या फळीचा फुगवटा निम्मा ओसरला, तिच्यावर तारुण्यातील भार पुन्हा लादणे ही निष्ठा नव्हे. कड पसरून फळी चपटी होईल, ही धास्ती जुन्या कारखानदारांसही होती. मेसन अँड हॅम्लिन या पेढीने रिचर्ड गर्ट्झच्या १९०० सालच्या पेटंटानुसार पियानोच्या पोटाखाली पोलादी सळया बसवून बाहेरील कड आवळून धरली, ती त्यासाठीच. येथील कारागिराने फळी कायम ठेवून घोडीचा माथा रंध्याने किंचित उतरवण्याचे व कोन अंशाच्या आत राखण्याचे ठरवले.

भार हलका करावयाचा तर तारांचे मापही पुन्हा तपासावे लागते. लांबी, जाडी, ताण आणि स्वर यांचे नाते फ्रेंच पंडित मर्सेनने १६३६ सालीच ग्रथित केले. त्याच्या हिशेबाने एकाच जाडीची तार एकाच ताणावर ठेवून खाली उतरत गेल्यास प्रत्येक सप्तकागणिक लांबी दुप्पट व्हावयास हवी. शेंड्याच्या स्वराची तार पाच सेंटिमीटर असेल, तर तळाच्या स्वरास साडेसात मीटरांहून लांब तार लागेल, आणि तेवढे लांब दिवाणखाने कोणापाशी असतात! म्हणून लांबी आखडून खर्जाच्या तारांवर तांबे गुंडाळतात. खरी अडचण येते ती साध्या तारा संपून गुंडाळलेल्या सुरू होतात त्या सीमेवर. तेथे साधी तार आवश्यकतेहून १० टक्के आखूड पडली की तिचा ताण १९ टक्क्यांनी घटतो. शेजारची तांबे गुंडाळलेली तार मात्र भरपूर ताणलेली असते, आणि गत वाजवताना एकाच हाताखाली दोन निराळी वाद्ये बोलल्यासारखी वाटतात. जाड तार घालून ताण वाढवावा, तर तिच्या ताठरपणामुळे वरचे स्वरांश बेसूर होत जातात.

या पियानोत सीमेवरचे चार स्वर असेच पोकळ होते. तेथील साध्या तारा काढून बारीक तांबे गुंडाळलेल्या जोडतारा घालाव्या, असा कारागिराचा बेत होता. मालकिणीस तो आरंभी मूळ आराखड्यातील ढवळाढवळ वाटला. तिने दुसऱ्या एका पियानोवर केलेला तसाच फेरफार स्वतः वाजवून पाहिला, खालून वर आणि वरून खाली बोटे फिरवली, आणि रुकार दिला. नव्या तारांचा तपशील त्याच दिवशी तारा गुंडाळणाऱ्याकडे रवाना झाला. त्या आल्यावरही पहिले वर्षभर त्या सैलावत राहणार, वारंवार स्वरात लावाव्या लागणार, आणि एक हिवाळा व एक उन्हाळा उलटल्यावर कोनाची मोजणी पुन्हा करावी लागणार, हे त्याने तिला अंदाजपत्रकातच लिहून दिले.