चाकोरीतून उतरताना : बालाघाटाच्या उतारावर मोटारसायकल

आजचा विषय उताराचा. चढाबद्दल बोलायला सगळ्यांना आवडतं. पण चढावर गाडी अडली तर ती थांबते. उतारावर चुकलं तर ती थांबत नाही. एवढा फरक लक्षात ठेवला की पुढचं सगळं सोपं जाईल.

बीड जिल्ह्याची ठेवण बघा. उत्तरेला गोदावरीकाठची सखल जमीन, दक्षिणेला मांजरा, आणि मधून आडवे गेलेले बालाघाटाचे डोंगर. मांजरा नदी पाटोदा तालुक्यातल्या याच डोंगरात उगम पावते. पाटोदा, आष्टी, धारूर या बाजूला कितीतरी वस्त्या आणि तांडे वर माळावर आहेत, आणि डांबरी सडक खाली. मधली वाट म्हणजे मुरूम, सुटे दगड आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या. हौशी लोक ऑफ-रोड गाडी घेऊन असल्या वाटा शोधत हिंडतात. इथे मात्र शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या गाडीवर, मागे दुधाच्या कॅन नाहीतर दवाखान्यात न्यायचं माणूस घेऊन, हेच तंत्र रोज लागतं. म्हणून आम्ही ते साध्या गाडीच्या हिशोबानेच सांगणार आहोत.

मूळ गोष्ट एकच आहे : उतरताना चाकं फिरत राहिली पाहिजेत. फिरणारं चाक जमिनीला धरून असतं. पुढचं चाक ब्रेकने आवळलं गेलं की हँडल वळवून उपयोग नाही, गाडी जिकडे घसरते तिकडेच जाते. मागचं आवळलं गेलं की ते बाजूला सरकतं आणि गाडी आडवी होते. तेव्हा वेग कमी ठेवायचा, पण चाक न आवळता. सगळं कसब यातच आहे.

आता थोडा हिशोब. गाडी, चालवणारा आणि ओझं मिळून 200 किलो धरा. दहा फुटांना एक फूट उतार असेल तर गाडीला खाली ओढणारा जोर सुमारे 20 किलोचा असतो. चार फुटांना एक फूट असेल तर तोच जवळजवळ 48 किलो होतो. आणि वेग दुप्पट झाला तर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. सपाट रस्त्यावरचं हे गणित उतारावर आणखी महाग पडतं. म्हणून वेग कमी करायचा तो उतार सुरू होण्याआधी. अर्ध्या वाटेवर गेल्यावर ‘आता हळू करू’ म्हणणं म्हणजे उशीर.

तर वर पोचलात की थांबा. वाट नवी असेल किंवा पाऊस होऊन गेला असेल तर पाच मिनिटं पायी उतरून बघा. कालची वाट आज तीच असेल असं नाही, कारण पावसाचं पाणी चाकोरीतूनच वाहतं आणि ती दरवेळी खोल करतं. कुठून उतरायचं, दगड कुठे आहे, खाली वेग कुठे मारता येईल, हे वरच ठरवा.

मग पहिला गिअर टाका आणि क्लच पूर्ण सोडा. इंजिन मागच्या चाकाला धरून ठेवतं, हाच आपला पहिला ब्रेक. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरायची सवय पुष्कळांना असते. तसं केलं की हा ब्रेक गेला आणि सगळा भार उरलेल्या दोन ब्रेकवर आला. लांब उतारावर ड्रम ब्रेक तापतात आणि तापले की पकड सोडतात. भीती वाटली की हात आपोआप क्लच दाबतो, ते मुद्दाम मोडायला हवं. एक अपवाद आहे. मुरूम फारच भुसभुशीत असेल आणि पहिल्या गिअरमध्ये मागचं चाक घसरायला लागत असेल, तर दुसरा गिअर वापरा.

ब्रेकबद्दल एक गैरसमज ऐकू येतो : पुढचा ब्रेक उतारावर दाबायचाच नाही, नाहीतर माणूस हँडलवरून पुढे जातो. उलट, उतारावर ब्रेक लागताना वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे पकड तिथेच जास्त असते. घात करतो तो झटका. दोन बोटांनी, हळूहळू दाबायचा, हँडल सरळ असताना दाबायचा, आणि वळताना किंवा सुट्या दगडावर सैल करायचा. आणखी एक : 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं झालं. सीबीएस असलेल्या मोटारसायकलवर पायाचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. जुन्या गाडीवरून नव्या गाडीवर आलेल्या माणसाने हे ध्यानात घ्यावं, कारण ‘मी तर फक्त मागचा दाबला’ हे तिथे खरं नसतं. ओढा ओलांडून आलात तर ड्रम ओले असतात. दोन-तीनदा हलका ब्रेक लावून ते वाळवा आणि मगच उताराला लागा.

बसायचं कसं? वजन पायांवर घ्या. साध्या गाडीवर पूर्ण उभं राहणं अवघड वाटत असेल तर सीटवरून चार बोटं उठा, कंबर मागे न्या, गुडघ्यांनी टाकी धरा. हात सैल, कोपर वाकलेले. हात ताठ ठेवून हँडलवर रेललात की प्रत्येक दगडाचा हिसका हँडल वळवतो.

आता चाकोरी. चाकोरीत जायचं की बाहेर राहायचं, हे वरच ठरवा आणि मग त्याला चिकटून राहा. आत असाल तर नजर दहा-पंधरा फूट पुढे ठेवा. चाकाकडे बघितलं की हात वळतात आणि टायर कडेला घासतो. मधेच तिरकं बाहेर यायला गेलात तर पुढचं चाक कड चढत नाही, तिच्याच बाजूने सरकतं आणि गाडी पडते. ओलांडायचीच असेल तर उथळ जागा बघून, शक्य तितकं काटकोनात ओलांडा. पाय ठेवायचा दांडा कडांना टेकेल इतकी खोल चाकोरी असेल तर तिच्यात शिरूच नका. ओल्या काळ्या मातीचं दुखणं वेगळं. ती टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरते, टायर गुळगुळीत होतो, कधी चाकच अडतं. तिथे कसब चालत नाही, थांबून माती काढावी लागते.

ओझं असेल तर ते खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं बांधा. अर्धी भरलेली कॅन डचमळते आणि गाडीला हिसके देते, म्हणून दोन अर्ध्या कॅनपेक्षा भरलेली एक बरी, ती मधोमध आणि घट्ट बांधून. टाकीवर गोणी ठेवली की हँडल पूर्ण वळत नाही. आणि मागचं माणूस, विशेषतः गरोदर बाई किंवा लेकरू, वाईट टप्प्याआधी उतरवा. शंभर पावलं चालण्यात कमीपणा नाही. चालवता न येणारं आजारी माणूस असेल तर वाट लांबची पडली तरी चांगली बघा, नाहीतर चारचाकी बोलवा.

मधेच थांबावं लागलं तर ब्रेक धरा, पहिल्या गिअरमध्ये इंजिन बंद करा आणि क्लच सोडा, गाडी उभी राहते. उतरायचं ते चढाच्या बाजूला. आणि गाडी पडायलाच लागली तर तिला जाऊ द्या, तिच्या खालच्या बाजूला राहू नका. वाकलेलं हँडल सरळ होतं, पायाचं हाड मात्र महिनोन् महिने घेतं, आणि घर चालवणारा माणूस तेवढे महिने बसून राहतो.

हे सगळं ऐकून जमत नाही, हाताला सवय लागते. रिकामी गाडी घ्या, डोक्यावर हेल्मेट घाला, शेताच्या कडेचा छोटा उतार बघा, आणि ब्रेकला हात न लावता नुसत्या पहिल्या गिअरवर दहा वेळा उतरा. मग ब्रेक, मग चाकोरी, आणि ओझं सगळ्यात शेवटी.