वाळलेल्या झाडाची किंमत

अर्थशास्त्राच्या वर्गात अवघड प्रश्न बहुधा मागच्या बाकावरून येतो. कोका अभयारण्याच्या कडेच्या गावातून भंडाऱ्यास शिकावयास येणाऱ्या एका विद्यार्थ्याने मागे विचारले, "सर, जंगलात झाडे वाळतात, त्यांना भुंगा लागतो, ती उभ्याउभ्या कुजतात. माझ्या आईला मात्र सरपणासाठी दोन कोस चालावे लागते. हे कोणते अर्थशास्त्र?" प्रश्न सरळ होता, उत्तर तितके सरळ नव्हते.

प्रथम कायद्याची बाजू. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतून मेलेली, रोगट वा वाऱ्याने पडलेली झाडे हलविण्यास मनाई केली. कोका २०१३ साली अभयारण्य झाले आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. तेव्हापासून तेथील वाळके लाकूडही तेथेच राहावे, असा दंडक आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो : किडलेली झाडे ठेवली तर कीड साऱ्या रानात पसरेल. ही भीती निराधार नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, मंडला-बालाघाट भागात, सरईच्या म्हणजे सालवृक्षाच्या वनांवर खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची मोठी साथ आली. लाखो झाडांना कीड लागली, असंख्य तोडावी लागली आणि किती तोडावीत याचा वाद न्यायालयापर्यंत गेला. या किडीवरचा जुना उपाय सोपा आहे. पावसाच्या प्रारंभी काही झाडे पाडून त्यांच्या ओंडक्यांची साल ठेचावयाची. पाझरणाऱ्या रसाच्या वासाने भुंगेरे जमतात, ते वेचून मारावयाचे. मात्र हा उपाय आरंभीच केला तर स्वस्त पडतो. साथ भडकल्यावर हजारो मजूर लावूनही झाडे हातची जातात.

तथापि भंडाऱ्याचे रान सरईचे नव्हे. येथे साग, ऐन, मोह, बांबू यांचे मिश्रण आहे. एकाच जातीच्या दाट वनात कीड जशी झाडामागून झाड घेत जाते, तशी मिश्रवनात सहसा जात नाही. शिवाय लाकूड पोखरणाऱ्या बहुतेक किडी निरोगी झाडाच्या वाटेस जात नाहीत. वणव्याने होरपळलेली, अवर्षणाने खंगलेली वा तोडून पडलेली झाडे त्या शोधतात. त्यांच्या अळ्यांवर सुतारपक्षी जगतो आणि त्याने कोरलेल्या ढोलीत पुढे पोपट व पिंगळे संसार थाटतात. बाजारात ज्याला भाव नाही, ते निरुपयोगीच असते असे नाही.

मग औषध का फवारू नये? एक तर सालीखाली दडलेल्या अळीपर्यंत ते पोचत नाही. दुसरे कारण आपल्या जिल्ह्याच्या पोटापाण्याचे आहे. ऐन आणि अर्जुन यांच्या पानांवर येथील ढिवर बांधव कोशाच्या अळ्या पोसतात. आंधळगावच्या मागांवर विणल्या जाणाऱ्या कोशाच्या वस्त्राची सुरुवात अशा झाडांवरच होते. विषाला भुंगेरा आणि कोशाची अळी यांतील भेद कळत नाही. एकाचे लाकूड वाचविण्यासाठी दुसऱ्याची भाकरी हिरावणे हा हिशेब खोटा ठरेल.

जर्मनीतील बव्हेरियन वन राष्ट्रीय उद्यानाने यातून काढलेला मार्ग विचारात घेण्याजोगा आहे. १९८३ च्या वादळात पडलेली झाडे तेथे जागीच राहू दिली गेली. पुढे सालीतील भुंगेऱ्यांनी स्प्रूसची विस्तीर्ण वने वाळविली, तरी आतल्या भागात कुऱ्हाड चालविली नाही. तेथे आपोआप नवे रान उगवले. कडेच्या पट्ट्यात मात्र किडलेले झाड ताबडतोब काढण्याचा नियम कसोशीने पाळला गेला, कारण पलीकडे शेजाऱ्यांची वने होती.

आपल्याकडेही असेच दोन हिशेब वेगळे ठेवावयास हवेत. अभयारण्याच्या आत फक्त पाहणी करावी : बुंध्याशी पडलेला भुसा, सालीवरील भोके, ओघळलेला डिंक यांची दरवर्षी ठरलेल्या वाटांवर नोंद घ्यावी. बाहेरच्या राखीव वनात आणि सागाच्या लागवडीत खंगलेली झाडे पावसाळ्यापूर्वी काढावीत, तोडलेले ओंडके साल न काढता पावसात पडू देऊ नयेत. बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला की त्यातील पिष्ट कमी होते व भुंगा कमी लागतो. तळ्यांच्या या जिल्ह्यात त्यासाठी पाणी तरी दूर शोधावे लागणार नाही.

या पाहणीसाठी कडेच्या गावांतील माणसांइतका जाणता नोंदणीदार दुसरा नाही. त्यांना त्याची नियमित मजुरी द्यावी आणि बाहेरच्या वनातून काढलेले किडके लाकूड त्याच गावांना सरपण म्हणून प्रथम द्यावे. साथीच्या खर्चापुढे ही मजुरी किरकोळ आहे.

त्या विद्यार्थ्याला मी सांगितले, "अभयारण्यातले झाड वाया जात नाही. पण ते राखण्याची किंमत आज तुझी आई एकटीच मोजते आहे. ती साऱ्या समाजाने मोजली पाहिजे." त्याने मान डोलावली नाही. त्याच्या घरी सरपण पोचेपर्यंत त्याने ती डोलवावी, अशी अपेक्षाही रास्त नव्हे.