प्रोस्टेटचा कर्करोग : उपायांची निवड

कर्करोग हा शब्द कानीं पडतांच मनुष्याची विचारशक्ति गोठून जाते आणि घरांतील माणसांची धांवपळ मात्र सुरू होते. मुलगा ओळखीच्या शस्त्रवैद्याची वेळ ठरवितो, जांवई दुसऱ्या रुग्णालयाचें नांव सुचवितो, शेजारी आपल्या नात्यांतील कोणाचा तरी अनुभव सांगून जातो. आणि ज्याच्या देहाचा हा प्रश्न असतो तो गृहस्थ मुकाट्यानें बसून राहतो. मीरा रोडच्या अगर भाईंदरच्या एखाद्या घरांत साठी उलटलेल्या पुरुषाला प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचें कळलें, म्हणजे पहिल्या आठवड्यांत बहुधा असेंच घडतें. कांहीं कर्करोगांच्या बाबतींत ही घाई हिताची असते. परंतु प्रोस्टेटचा रोग प्राथमिक अवस्थेंत व ग्रंथीच्या आंतच असेल, तर विचार करण्यास बहुधा कांहीं आठवड्यांचा अवकाश खात्रीनें मिळतो. तो कसा वापरावा, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खालीं, मूत्रनलिकेला वेढून असलेली, अक्रोडाएवढी ग्रंथि होय. तिच्या लगतच लघवी रोखून धरणारा स्नायु असतो; दोहों बाजूंनीं कामशक्तीशीं संबंध असलेल्या सूक्ष्म नसा जातात; पाठीमागें गुदाशय असतो. शेजार इतका नाजूक असल्यामुळें ग्रंथीवर केलेल्या उपायाची झळ या शेजाऱ्यांनाहि लागते. निवड अवघड होते ती यामुळेंच.

प्रथम रोगाची प्रत समजली पाहिजे. रक्तांतील पीएसए नांवाच्या द्रव्याचें प्रमाण वाढलें, एवढ्यानें कर्करोग सिद्ध होत नाहीं. वयोमानानें ग्रंथि मोठी झाल्यानें किंवा तिला सूज आल्यानेंहि तें वाढतें. सुईनें काढलेले ग्रंथीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखालीं पाहूनच निदान होतें. त्या पेशी कितपत बिघडल्या आहेत, हें अमेरिकन वैद्य डॉनल्ड ग्लीसन यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या गुणांनीं सांगतात. आजच्या रीतीप्रमाणें ६ गुण म्हणजे सर्वांत सौम्य व १० म्हणजे सर्वांत उग्र रोग. आपल्या अहवालांत कोणता आंकडा आहे, हें रुग्णाला स्वतःला ठाऊक असलें पाहिजे.

यापुढें मुख्यतः तीन मार्ग असतात. पहिला सजग देखरेखीचा : ठराविक काळानें पीएसए तपासावयाचें, जरूर तेव्हां एमआरआय व पुन्हां सुईची तपासणी करावयाची, आणि रोग पुढें सरकल्याचें दिसलें तरच उपाय करावयाचा. हा मार्ग मुख्यतः सौम्य रोगासाठीं आहे. दुसरा शस्त्रक्रियेनें सबंध ग्रंथि काढून टाकण्याचा. तिसरा किरणोपचाराचा, त्याला कित्येकदां हार्मोन-उपचाराची जोड दिली जाते.

यांपैकीं कोणता श्रेष्ठ, हें पाहण्यासाठीं इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्यें ‘प्रोटेक्ट’ नांवाचा एक मोठा प्रयोग झाला. त्यांत १९९९ ते २००९ या काळांत रोगाचें निदान झालेल्या १६४३ पुरुषांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें तीन गटांत वांटणी केली गेली. सुमारें पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. तोंपर्यंत निरनिराळ्या कारणांनीं ३५६ जण निवर्तले होते. पैकीं प्रोस्टेटच्या कर्करोगानें गेलेले अवघे ४५. देखरेखीच्या गटांत अशा मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३.१, शस्त्रक्रियेच्या गटांत २.२ व किरणोपचाराच्या गटांत २.९ होतें. हा फरक नगण्य ठरला. मात्र देखरेखीच्या गटांत शेंकडा ९.४ जणांचा रोग शरीरांत अन्यत्र पसरला. इतर दोन गटांत तें प्रमाण पांचाच्या आसपास होतें. शिवाय देखरेखीखालीं असलेल्या बहुतेकांना पुढें केव्हां तरी उपाय करावाच लागला. तरीहि सुमारें एक चतुर्थांश पुरुष पंधरा वर्षांनंतर कोणत्याहि उपचारावांचून हयात होते.

आयुर्मर्यादेंत फारसा फरक नसेल, तर फरक उरतो तो पुढील आयुष्य कसें जावयाचें याचा. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरील ताबा सुटण्याचा व कामशक्ति क्षीण होण्याचा संभव अधिक. किरणोपचारानें लघवीची घाई व शौचाच्या तक्रारी उद्भवूं शकतात. देखरेखींत देह शाबूत राहतो, पण प्रत्येक तपासणीपूर्वीं मनाला घोर लागतो. तसेंच शस्त्रक्रियेनंतर जरूर पडल्यास किरणोपचार देतां येतो; उलट किरणोपचारानंतर शस्त्रक्रिया करणें बरेंच कठीण जातें.

मीरा-भाईंदरच्या रहिवाशाला प्रवासाचाहि विचार करावा लागतो. परळचें टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. तेव्हांपासून महाराष्ट्रांतील असंख्य कुटुंबांची पावलें तिकडे वळत आलीं आहेत. भाईंदरहून तेथें जावयाचें तर लोकलनें दादर गांठून पुढें परळला जावें लागतें. शस्त्रक्रियेसाठीं कांहीं दिवस रुग्णालयांत राहावें लागतें व पुढें कांहीं दिवस लघवीची नळी बाळगावी लागते. किरणोपचारासाठीं मात्र आठवड्यांतून पांच दिवस, बहुधा चार आठवडे किंवा त्याहूनहि अधिक काळ जावें लागतें. लोकलमध्यें शौचालय नसतें. ज्याला वारंवार लघवीला जावें लागतें, त्याच्या दृष्टीनें ही बाब क्षुल्लक नाहीं. म्हणून घरानजीक तसा उपचार मिळतो कीं काय, हेंहि विचारून घ्यावें.

वैद्यांकडे जातांना प्रश्न कागदावर लिहून न्यावे. रोग ग्रंथीच्या आंतच आहे काय? ग्लीसनचे गुण किती? माझें वय व इतर व्याधि पाहतां या रोगापासून मला धोका किती? थांबल्यास काय गमावेन? शस्त्रवैद्य व किरणोपचाराचे तज्ज्ञ या दोघांचेंहि म्हणणें ऐकावें, आणि काढलेले तुकडे दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासून घेण्यास संकोचूं नये.

संकोच होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. लघवी गळणें किंवा पतिपत्नींचे संबंध हे विषय आपल्या घरांतून बोलले जात नाहींत. मुलांसमोर तर नाहींतच. त्यामुळें मुलें केवळ ‘रोग निघून गेला पाहिजे’ एवढेंच पाहतात आणि बाप होकार देतो. पुढें वर्षानुवर्षें जें सोसावयाचें तें त्याला व त्याच्या पत्नीला. म्हणून या दोघांनीं प्रथम एकमेकांशीं मोकळेपणानें बोलावें, कशाला मुकणें सोसेल व कशाला नाहीं हें ठरवावें, आणि मगच मुलांना व वैद्यांना आपला विचार सांगावा.