अनावर खाणे आणि चयापचयाचे आरोग्य

थोड्या अवधीत इतरांहून कितीतरी अधिक अन्न खाल्ले जाणे, थांबावेसे वाटूनही थांबता न येणे आणि मागाहून शरम व अपराधभावनेने मन पोखरले जाणे, या अवस्थेला मानसोपचारात बिंज ईटिंग म्हणतात. लग्नाच्या पंगतीत आग्रहाने चार घास जास्त जाणे त्यात मोडत नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ॲल्बर्ट स्टंकार्ड यांनी स्थूल रुग्णांमधील असे खाणे १९५९ साली नोंदवले होते, तरी अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र विकाराचे स्थान मिळायला २०१३ साल उजाडले.

अशा खाण्यातून शरीरात एकाएकी येणाऱ्या साखरेसाठी स्वादुपिंडाला मोठ्या प्रमाणात इन्सुलिन, म्हणजे रक्तातील साखर पेशींत पोचवणारे संप्रेरक, स्रवावे लागते. हे वारंवार घडून जादा ऊर्जा यकृतात आणि पोटातील अवयवांभोवती चरबीच्या रूपाने साठू लागली, की पेशी इन्सुलिनला पुरेशी दाद देईनाशा होतात. वाढलेला कमरेचा घेर (भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर वा अधिक), चढा रक्तदाब, उपाशीपोटीची वाढलेली साखर, ट्रायग्लिसराइड या चरबीचे आधिक्य आणि हितकारक एचडीएल कोलेस्टेरॉलची कमतरता, यांपैकी तीन दोष एकत्र आढळले, तर त्यांस मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. दोष सारा वजनाचाच, असे मात्र नाही. जेम्स हडसन व सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या पाच वर्षांच्या पाहणीत, स्थूलतेचे प्रमाण सारखे असूनही, बिंज ईटिंग असलेल्यांत असे दोष, विशेषतः रक्तातील चरबीचे, अधिक उद्भवलेले दिसले.

म्हणूनच अशा रुग्णाला ‘जिभेवर ताबा ठेवा’ असे सांगून कडक पथ्याचा कागद हाती देणे निरुपयोगीच नव्हे, तर घातकही ठरू शकते. ॲन्सेल कीज यांनी मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा अन्न पुन्हा मुबलक मिळू लागल्यावर त्यांतील काही जण पोटाला तडस लागेपर्यंत खाऊनही थांबू शकत नव्हते. उपासमारच अनावर खाण्याला वाट करून देते, हे त्यातून उघड झाले. विचार व वर्तन यांची सांगड तपासणाऱ्या मानसोपचारात त्यामुळे उपाशी राहण्याऐवजी ठरावीक वेळी पुरेसे जेवण्यावर भर असतो. त्याने खाण्याचे झटके पुष्कळ कमी होतात. वजन मात्र बहुधा फारसे उतरत नाही, आणि केवळ तेवढ्यावरून उपचार फसला असे ठरवणे रुग्णावर अन्याय करणारे आहे.