आखजीची तिथी आणि माहेरची सुट्टी

खानदेशात, विशेषतः जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत, वैशाख शुद्ध तृतीयेला येणारी अक्षय्य तृतीया ‘आखजी’ या नावाने ओळखली जाते आणि सासुरवाशिणींना माहेरी आणणारा सण म्हणून तिला दिवाळीच्या तोडीचे महत्त्व दिले जाते. रब्बीची मळणी आटोपलेली आणि खरिपाची पेरणी अजून दूर, अशा मोकळ्या दिवसांत हा सण येतो. सालदाराचे, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचे, नवे सालही आखजीपासूनच धरले जात असल्याने शेतीच्या वर्षात विसाव्याची ही जागा पूर्वापार ठरलेली होती.

शाळा-नोकरीच्या वेळापत्रकाशी मात्र या तिथीचा मेळ दरवर्षी बसत नाही. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे आखजी दरसाल तितकी अलीकडे सरकते आणि साधारण तीन वर्षांनी येणारा अधिक मास तिला पुन्हा पुढे नेतो. २०२४ मध्ये १० मे रोजी आलेली आखजी शाळांच्या उन्हाळी सुट्टीत सामावली. २०२६ मधील १९ एप्रिलची तिथी परीक्षांच्या हंगामात येते, तर त्या वर्षीच्या अधिक ज्येष्ठामुळे २०२७ ची आखजी पुन्हा मे महिन्यात जाते. राज्याच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत हा दिवस नसल्याने नोकरदार स्त्रीला हक्काची रजाच खर्चावी लागते.

म्हणून सणातील काय तिथीला बांधलेले आहे आणि काय मागेपुढे होऊ शकते, हे आधी पाहणे हिताचे ठरते. पाण्याने भरलेल्या घागरीवर मातीचे लहान भांडे, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी ठेवून केले जाणारे पितरांचे स्मरण त्याच दिवशी व्हावे लागते. निंबाला बांधलेला झोका, आमरस-पुरणपोळीची जेवणे आणि लेकीचा मुक्काम यांना मात्र तिथीची अट नाही. आखजी लवकर आली, तर सणाला एक-दोन दिवस येऊन निकालानंतर मुलांसह निवांत राहायला येणे सोयीचे पडते.

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुले होते, तर पंचांग त्याच्या कितीतरी आधी हाती असते. त्यामुळे सुरत-भुसावळ मार्गाने येणाऱ्या कुटुंबांनी तिथी पाहून आरक्षणाचा दिवस टिपून ठेवावा. एस.टी.त २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे असल्याने जवळचा प्रवास स्वस्त झाला आहे, पण वैशाखातील ऊन ध्यानात घेता तो सकाळीच उरकावा. घरातील रजांचा हिशेब मांडताना लेकीच्या माहेरपणाचे दिवस सर्वांत आधी राखून ठेवले जावेत, कारण हा सण मुळात तिच्या विसाव्यासाठी आहे.