परक्यांनी उभी केलेली शाळा

सेवेसाठी सातासमुद्रापार : लेखांक 6

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन शहरातून डी नदीच्या काठाकाठानं पश्चिमेकडे निघालं की बील्डसाइड आणि मिल्टिम्बर ही उपनगरं लागतात. कॅम्पहिल ही निवासी शाळा याच भागात आहे. बौद्धिक अपंगत्व असलेली, स्वमग्न, अपस्माराचा त्रास असलेली, एकाहून अधिक अपंगत्वं एकत्र वाट्याला आलेली मुलं इथे शिकतात आणि त्यांतली बरीच इथेच राहतात. त्यांच्यासोबत त्याच घरांमध्ये, त्याच जेवणाच्या टेबलावर देशोदेशींचे तरुण स्वयंसेवकही राहतात, साधारण वर्षभर. परदेशी जाऊन विशेष मुलांच्या शाळेत काम करायचं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला या शाळेइतकं बोलकं उदाहरण क्वचितच मिळेल. कारण ही शाळा उभी केली तीच मुळी परदेशातून आलेल्यांनी, आणि ते हौसेनं आलेले नव्हते.

डॉ. कार्ल क्योनिग यांचा जन्म 1902 साली व्हिएन्नात एका ज्यू कुटुंबात झाला. पेशानं ते बालरोगतज्ज्ञ. स्वित्झर्लंडमध्ये आणि मग सायलेशियात त्यांनी अपंग मुलांच्या संस्थांमध्ये काम केलं. नाझी राजवटीत तिथे राहणं कठीण झालं म्हणून ते व्हिएन्नाला परतले. तिथे त्यांच्याभोवती काही तरुण मंडळी जमली. कुणी वैद्यकीचं शिकणारं, कुणी कलावंत, बहुतेक ज्यू. मार्च 1938 मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि हा गट पांगला. वर्षअखेरीस क्योनिग स्कॉटलंडला पोचले, पाठोपाठ एकेक जण येत गेला. एका स्कॉटिश जमीनदार दांपत्यानं त्यांना कर्कटन हाउस हे पाद्र्याचं जुनं घर राहायला दिलं. घरात वीज नव्हती. अशा घरात, तोडकंमोडकं इंग्रजी बोलणाऱ्या या निर्वासितांनी 1939 साली पहिली काही मुलं सांभाळायला घेतली.

मे 1940 मध्ये ब्रिटिश सरकारनं शत्रुराष्ट्रांतून आलेल्या पुरुषांची धरपकड केली. क्योनिग आणि त्यांचे सहकारी आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत गेले. हिटलरपासून जीव वाचवून पळालेली माणसं केवळ पासपोर्टमुळे शत्रू ठरली. नवी जागा घेण्याचं आधीच ठरलं होतं. आता काय करायचं, हा प्रश्न मागे राहिलेल्या बायकांपुढे होता. त्यांनी बेत पुढे ढकलला नाही. क्योनिग यांच्या पत्नी टिला आणि बाकीच्या जणी 1 जून 1940 रोजी मुलांना घेऊन कॅम्पहिल नावाच्या इस्टेटीत राहायला गेल्या, आणि शाळेला जागेचंच नाव मिळालं. पुरुष सुटून आले तेव्हा घर चालू झालेलं होतं. संस्थापक म्हणून नाव डॉक्टरांचं घेतलं जातं. पण ही तारीख त्या बायकांची आहे, हे ठळकपणे सांगायला हवं.

त्याच उन्हाळ्यात, जुलै 1940 मध्ये, क्योनिग यांच्या व्हिएन्नात 'आम श्पीगलग्रुंड' हे मुलांचं रुग्णालय सुरू झालं. अपंग, आजारी, 'वाया गेलेली' ठरवलेली मुलं तिथे पाठवली जात. नोंदींनुसार 789 मुलं तिथे मारली गेली. कुणी औषधाच्या जादा मात्रेनं, कुणी उपासमारीनं. संशोधनाच्या नावाखाली जपून ठेवलेले त्यांचे अवशेष 2002 साली सन्मानानं दफन झाले. एकाच शहरात वैद्यकी शिकलेली माणसं, एकाच प्रकारची मुलं आणि एकच वर्ष. कॅम्पहिलकडे केवळ एक चांगली शाळा म्हणून पाहता येत नाही ते यामुळे.

स्कॉटलंडमध्येही सगळं उजळ नव्हतं. काही मुलांवर तिथे 'अशिक्षणीय' असा सरकारी शिक्का बसे आणि ती शिक्षणव्यवस्थेच्या बाहेर फेकली जात. हा शिक्का 1974 च्या कायद्यानं पुसला गेला. म्हणजे कॅम्पहिलमधली मुलं अक्षरं गिरवत होती, विणत होती, नाटकात उभी राहत होती, तेव्हा कायदा कित्येकांना शिक्षणास अपात्रच समजत होता. बाहेरून आलेल्यांना इथल्या रूढ समजुती ठाऊक नव्हत्या, त्याचा इथे फायदाच झाला असावा.

या इतिहासामुळे इथला स्वयंसेवक पाहुणा नसतो. पगारी कर्मचारी वेगळे आणि मदतनीस वेगळे अशी सरळ विभागणी सुरुवातीला नव्हतीच. सगळे 'सहकारी', सगळे एका घरात. राहणं, जेवण आणि थोडा हातखर्च एवढंच मिळे. आज पगारी कर्मचारीही मोठ्या संख्येनं आहेत, पण वर्षभर राहायला येणाऱ्यांची प्रथा टिकून आहे. सक्तीच्या लष्करी सेवेला नकार देणाऱ्या जर्मन तरुणांना नागरी सेवेचा पर्याय होता. त्यांतले कित्येक इथे आणि कॅम्पहिलच्या धर्तीवर वसलेल्या इतर वस्त्यांमध्ये आले. जर्मनीनं 2011 मध्ये सक्तीची लष्करी सेवा थांबवली, तिच्यासोबत ही नागरी सेवाही गेली आणि तिच्या जागी ऐच्छिक सेवायोजना आली.

पण वर्षभर कशासाठी? सुट्टीतले तीन आठवडे का चालत नाहीत? हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याची तळमळ खरी असते.

त्याचं उत्तर जेवणाच्या टेबलावर मिळतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बऱ्याच मुलांना गिळायला त्रास होतो. घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे सरकला तर ठसका लागतो, कधी न्यूमोनिया होतो. म्हणून कुणाला काय आणि किती दाट द्यायचं हे स्पीच थेरपिस्ट ठरवून देतात. ब्रिटनमध्ये त्यासाठी 0 ते 7 अशा पायऱ्यांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी वापरतात. पाचव्या पायरीचं अन्न म्हणजे बारीक केलेलं, ओलसर. मोठ्या माणसासाठी त्यातला कण 4 मिलिमीटरचा चालतो, मुलासाठी 2 मिलिमीटरचाच. साध्या काट्याच्या दोन दातांमधली फट साधारण 4 मिलिमीटर असते, त्यामुळे काटा दाबून कणाचा अंदाज घेता येतो. आपल्याकडच्या आजीचा गुरगुट्या भात हाताच्या अंदाजानं होई. इथे त्या अंदाजाला माप दिलेलं आहे.

माप शिकायला एक दुपार पुरते. पुढचं शिकायला महिने जातात. मूल ताठ बसलंय ना, हनुवटी किंचित खाली आहे ना. चमचा समोरून आणि खालून यावा. वरून आला की मान मागे जाते. घास गिळला की नुसताच गालात धरलाय? हे मूल तोंड फिरवतं ते पोट भरलं म्हणून, की शेजारच्या खुर्चीच्या करकरीनं कावलंय म्हणून? याचं उत्तर कुठल्याही फाइलीत पूर्ण लिहिलेलं नसतं. रोज तीनदा शेजारी बसून ते कळत जातं. आणि मुलालाही हा नवा हात कळावा लागतो. अनोळखी माणसाच्या हातून जेवायला मोठा विश्वास लागतो. नव्या माणसासमोर कित्येक मुलं पहिले काही दिवस नीट जेवतच नाहीत. तीन आठवड्यांचा स्वयंसेवक नेमका तेव्हा परततो, जेव्हा मुलानं त्याच्यासाठी तोंड उघडायला सुरुवात केलेली असते.

बोलण्याचंही तसंच. शब्द नसलेली मुलं बोलत नाहीत असं नव्हे. भिंतीवर दिवसाचा चित्रांचा तक्ता असतो; हातातल्या पाटीवर दोनच चौकोन, 'आत्ता' आणि 'मग'. आत्ता बूट, मग घोडा. कॅम्पहिलमध्ये शेती आहे, घोडेस्वारी आहे, विणकाम आणि मातीकाम आहे. कुठल्या क्षणी काय होणार हे आधी दिसलं की स्वमग्न मुलाची घालमेल बरीच कमी होते. ब्रिटनमधल्या विशेष शाळांत 'मॅकॅटॉन' ही खुणांची पद्धत सर्रास वापरली जाते. ती 1970 च्या दशकात मार्गारेट वॉकर यांनी तयार केली. नव्या स्वयंसेवकाला खुणा लवकर येतात. थांबणं येत नाही. प्रश्न विचारल्यावर मुलाचं उत्तर यायला दहा-पंधरा सेकंद लागू शकतात. बोलक्या माणसाला ती शांतता असह्य होते, तो प्रश्न पुन्हा विचारतो आणि मुलाची मनातली जुळवाजुळव मोडते. इंग्रजी अडखळत बोलणारे परदेशी तरुण इथे कधीकधी सरस ठरतात, कारण शब्दासाठी थांबावं लागणं म्हणजे काय हे त्यांना त्याच आठवड्यात दुकानात कळलेलं असतं.

आकडीच्या वेळी काय करायचं हे सगळ्यांनाच शिकवलं जातं. आधी घड्याळ बघायचं. मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांपुढे झटके चालू राहिले तर ती तातडीची अवस्था. प्रशिक्षित माणूस औषध देतो, रुग्णवाहिका बोलावतात. आपल्याकडे अजूनही नाकाशी कांदा नाहीतर चप्पल धरली जाते. या एका तासाच्या शिकवणीसाठी परदेशी जायची खरोखर गरज नाही. ती आपल्याकडच्या प्रत्येक शाळेत व्हायला हवी.

कॅम्पहिलबद्दल काही गोष्टी डोळसपणे पाहायला हव्यात. तिची वैचारिक बैठक रुडॉल्फ स्टायनर यांच्या अँथ्रोपॉसॉफी या आध्यात्मिक विचारप्रणालीची आहे. दिवसाची लय, ऋतूंचे सण, हातानं करायची कामं यांचा मुलांना होणारा उपयोग कुणालाही दिसतो. पण स्टायनर यांच्या अनेक वैद्यकीय आणि आध्यात्मिक कल्पनांना विज्ञानाचा आधार नाही. जाणाऱ्यानं हे दोन्ही माहीत असू द्यावं. दुसरा प्रश्न बिनपगारी श्रमांचा. मोठ्या माणसांसाठीची पहिली कॅम्पहिल वस्ती यॉर्कशायरमध्ये बॉटन इथे 1955 साली वसली. तिथे 2014 च्या सुमारास सहनिवासी कार्यकर्त्यांचा दर्जा काय, ते कर्मचारी की कुटुंबातले, यावरून वाद पेटला आणि न्यायालयापर्यंत गेला. एकत्र राहण्यातली माया आणि कामाच्या तासांचा हिशेब यांचा मेळ सोपा नाही.

तिसरा प्रश्न मुळाशी जाणारा आहे: मुलांना घरापासून दूर, वेगळ्या शाळेत ठेवावंच का? अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2006 साली झाला, त्याचं 24 वं कलम सर्वसमावेशक शिक्षणाचा आग्रह धरतं. ब्रिटननं 2009 मध्ये करार स्वीकारताना या कलमाबाबत स्वतःसाठी सवलत राखून ठेवली: योग्य सोय दुसरीकडे असेल तर मुलाला त्याच्या परिसराबाहेर शिकवता येईल. भारतानं 2007 मध्येच करार स्वीकारला. आपला 2016 चा कायदाही सर्वसमावेशक शिक्षणाची भाषा बोलतो. तरी रात्रंदिवस देखरेख लागणाऱ्या मुलाच्या आईबापांना शेजारच्या शाळेचं दार बहुधा बंदच सापडतं. ते उघडेपर्यंत चांगल्या निवासी शाळांना नावं ठेवणं अन्यायाचं होईल.

जाण्याच्या वाटेबद्दल थोडं. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडल्यावर, 2021 पासून, जर्मन तरुणालाही व्हिसा लागतो. त्यामुळे कोलोनची मुलगी आणि कोल्हापूरची मुलगी आता एकाच रांगेत आहेत. धर्मादाय कामाचा तात्पुरता व्हिसा जास्तीत जास्त 12 महिन्यांचा असतो, त्यावर पगार घेता येत नाही आणि बोलावणाऱ्या संस्थेकडे परवाना असावा लागतो. मुलांसोबत काम करायचं म्हणजे पोलिस पडताळणी आलीच. स्कॉटलंडमध्ये त्यासाठी स्वतंत्र सरकारी नोंदणी आहे. जी संस्था ही पडताळणी मागत नाही आणि फक्त पैसे मागते, तिच्यापासून लांब राहावं. हिवाळ्याचीही तयारी हवी. डिसेंबरात अ‍ॅबर्डीनला दिवस सात तासांहूनही लहान असतो, साडेतीनच्या आसपास सूर्य मावळतो. मराठी मुलुखातून गेलेल्या माणसाला थंडीपेक्षा तो अंधार जड जातो. घरची आठवण, सतत माणसांत राहण्याचा शीण आणि काळोख एकत्र आले की नोव्हेंबरातच परत जावंसं वाटतं. चांगल्या शाळेत अशा वेळी बोलायला ठरलेलं माणूस असतं. अर्ज करतानाच ते विचारून घ्यावं.

वाहतूक उलट दिशेनंही चालते. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात, कोळवणच्या खोऱ्यात 1994 साली 'साधना व्हिलेज' सुरू झालं. बौद्धिक अपंगत्व असलेली मोठी माणसं तिथे घरासारखी एकत्र राहतात, आणि जर्मन तरुण वर्षभरासाठी तिथे येऊन राहिले आहेत. ज्याला परदेशी जायचंय त्यानं आधी कोळवणला जावं. गावच्या घरात राहून पाहिलं, की स्कॉटलंडमध्ये काय पेलेल याचा अंदाज येतो.

वर्ष संपताना सगळ्यात अवघड काम उरतं ते निघण्याचं. त्याची तयारी कित्येक आठवडे आधीपासून करावी लागते. चित्रांच्या तक्त्यात निघण्याच्या दिवसाचं चित्र येतं, फोटोंची वही तयार होते, नवा स्वयंसेवक जुन्याच्या शेजारी बसून तोच चमचा धरायला शिकतो. कुठल्या आवाजानं मूल बिथरतं, कान दुखला की ते हात कसा चावतं, झोपताना कुठला दिवा चालू लागतो, हे सगळं लिहून नव्याच्या हाती दिलं जातं. यात कसूर झाली तर मुलाच्या लेखी आणखी एक माणूस काही न सांगता नाहीसं झालं एवढंच उरतं. निवासी शाळांतल्या मुलांनी अशी माणसं पुष्कळ पाहिलेली असतात.

पुढच्या आठवड्यात घानाला जाऊ. अँड्र्यू फॉस्टर हे अमेरिकन कृष्णवर्णीय शिक्षक स्वतः कर्णबधिर होते. 1957 साली त्यांनी तिथे कर्णबधिर मुलांची शाळा काढली, आणि पुढे आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत अशा शाळांची रांग लागली. त्यांच्यासोबत अमेरिकेची खुणांची भाषाही तिकडे गेली. तिथल्या मूळ खुणांचं त्यापुढे काय झालं, तेही पाहू.